अंतस्थाची बाब

पेशवाईच्या हिशेबी दप्तराची वाखाणणी करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि ती वाखाणणी अस्थानीं आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. पुण्याच्या हुजूर दप्तरांत २०० हून अधिक कारकून खपत असत. महालांमहालांचे ताळेबंद तेथें येत, तपासले जात आणि रुमालांत बांधून ठेवले जात. नाना फडणिसांनीं या दप्तरास जी शिस्त लावली तिचें श्रेय इतिहासकारांनीं त्यांस मोकळ्या मनानें दिलें आहे. परंतु मामलेदाराचा कागद प्रत्यक्ष हातीं घेऊन आंकडा आंकड्याशीं ताडून पाहणारा जो कनिष्ठ कारकून, त्याची मात्र इतिहासानें फारशी विचारपूस केलेली नाहीं. आमच्या मतें स्थानिक कारभाराच्या तपासणीचें बळ आणि तिची दुर्बलता हीं दोन्ही त्याच्या बैठकीपाशींच पाहावयास मिळतात.

प्रथम त्या व्यवस्थेची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. मामलेदारास हुजुरांतून ‘बेहेडा’ मिळत असे. अमुक महालीं वसूल इतका यावा आणि खर्च इतका व्हावा, असा तो मंजूर अंदाज होता. प्रत्यक्ष जमाखर्चाची रुजुवात पुढें त्याच्याशीं घालावयाची. मामलेदाराच्या कचेरींतच दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस, चिटणीस इत्यादि दरकदार बसत. ते त्याच्या कचेरींतले खरे, पण त्याचे नोकर नव्हते. त्यांस दूर करण्याचा अधिकार त्यास नव्हता, आणि त्याचा गैरव्यवहार दिसल्यास तो वरिष्ठांस कळविणें हें त्यांचें कर्तव्य होतें. मुजुमदाराची संमति पडल्यावांचून कागद दिवाणापुढें जात नसे, आणि त्यावर मिति घालणें हें फडणिसाचें काम. याखेरीज वंशपरंपरेचे देशमुख-देशपांडे आपले हिशेब निराळे ठेवीत, आणि त्यांच्याशीं मेळ बसल्यावांचून मामलेदाराचा हिशेब पुण्यास मान्य होत नसे.

या रचनेच्या मुळाशीं एक रोकडें शहाणपण होतें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राजद्रव्याच्या अपहाराचे ४० प्रकार मोजून ठेवले आहेत, त्यावरून हा रोग आपल्या देशांत किती जुना आहे हें दिसतेंच. माणूस सज्जन आहे कीं नाहीं याची चौकशी करीत न बसतां, एकाच व्यवहाराचे दोन कागद दोन निराळ्या हातीं लिहवून घ्यावयाचे आणि ते तिसऱ्याकडून ताडून पाहावयाचे, हा त्या रोगावरील उपाय होय. हा तिसरा माणूस मोठा विद्वान असण्याची गरज नाहीं. त्याला वाचतां, बेरीज करतां आणि प्रश्न विचारतां आला म्हणजे झालें. मात्र तो कोणाचा मिंधा नसावा.

१८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं अहवाल लिहिला. त्यांत मामलेदारांच्या चोरवाटा नमूद आहेत: फी व दंड यांची जमा लपविणें, रयतेस न दिलेली सूट दिली म्हणून दाखविणें, खोट्या हजिऱ्या भरणें, लोकांच्या नेमणुका बुडविणें. यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं. विचार करण्याजोगी हकीकत पुढेंच आहे. सरकारांतून मंजूर नसलेला महालाचा खर्च भागविण्याकरितां रयतेवर साऱ्याशिवाय ‘सादरवारीद’ नांवाची जादा पट्टी बसत असे. त्या खर्चांतली एक मोठी बाब म्हणजे ‘दरबारखर्च’ अथवा ‘अंतस्थ’. मंत्र्यांस आणि हिशेब तपासणारांस गुप्तपणें द्यावयाची लांच ती ही. कालांतरानें ही लांच ठराविक झाली. ठराविक झाल्यावर ती हिशेबांत आली. आणि हिशेबांत आल्यावर इतर बाबींप्रमाणें तीहि तपासली जाऊं लागली! पण लांचेची गरज तेवढ्यानें संपली नाहीं. जुनी लांच हक्क होऊन बसल्यामुळें नवी द्यावी लागली, तिच्यासाठीं वसुली पुन्हां वाढली. आणि अशा नाजूक बाबींत तपासनीस फार खोल जात नसल्यामुळें मामलेदार वरिष्ठांसाठीं जें गोळा करी त्याहून पुष्कळ अधिक स्वतःच्या पदरांत टाकी.

अंतस्थाच्या या हिशेबांत बेरीज चुकलेली असण्याचें कारण नाहीं. कारकुनानें ताळा पाहिला आणि ताळा जमला. पण जमलेला ताळा आणि झालेली तपासणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या रकमेचा कांहीं भाग आपल्याच फडांत पोहोंचला आहे, ती कां खर्ची पडली असें त्यानें कोणास विचारावें? वरिष्ठापुढें जातो तो गोषवारा. मूळ व्यवहार कळण्याचा संभव असलाच तर तो खालच्या पायरीवर बसून कागद उलगडणारास. त्याचा प्रश्न बंद झाला म्हणजे वरच्या कितीहि मोर्तबांनीं तो पुन्हां उघडत नाहीं. आणि त्याच्या मौनाची किंमत दिली कोणीं? ज्या कुणब्यानें सादरवारीद भरली त्यानें.

यावर कोणी म्हणेल कीं, हा सारा दोष दुसऱ्या बाजीरावाचा. १७९६ सालीं तो गादीवर आल्यावर दप्तराची आबाळ झाली, आणि पुढें चढ्या बोलीवर महाल मक्त्यानें देण्याची चाल पडून दरकदारांचा धाक नाहींसा झाला, हें खरें आहे. मक्तेदारानें ठरलेली रक्कम भरली कीं त्यानें रयतेकडून काय घेतलें हें विचारण्याचें कारणच सरकारास उरत नाहीं. परंतु गुप्त लांच ठराविक होऊन वहींत चढण्यास पुष्कळ वर्षें लागलीं असलीं पाहिजेत. ती चांगल्या दिवसांतच मुरत गेली, आणि बाजीरावानें जी भिंत पाडली ती आधींच आंतून पोखरलेली होती.

हा दोष केवळ आपल्या लोकांचा असें मानण्याचेंहि कारण नाहीं. इंग्लंडांत गरिबांच्या पोषणासाठीं जमविलेल्या पट्टीचे हिशेब तपासण्यास १८४४ च्या कायद्यानें जिल्हावार तपासनिसांची व्यवस्था झाली. पण त्यांची निवड करावयाची ती, ज्यांचे हिशेब तपासावयाचे त्याच पालकमंडळांच्या अध्यक्ष-उपाध्यक्षांनीं! ती निवडणूक बंद होऊन नेमणुकीचा अधिकार वरिष्ठ सरकारी मंडळाकडे जावयास १८६८ साल उजाडावें लागलें.

मुंबई इलाख्यांत स्थानिक निधींच्या हिशेबतपासणीचा स्वतंत्र कायदा १९३० सालीं झाला. १९६२ सालीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या, १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनीं ग्रामपंचायतींस व नगरपालिकांस घटनेचा आधार मिळाला, आणि खर्चाचा पसारा कैक पटींनीं वाढला. तपासणीचें काम मात्र अद्याप तळाच्या पायरीवरच सुरू होतें. नुकताच पदवी घेतलेला एखादा तरुण पंचायत समितीच्या कचेरींत येऊन बसतो. रोकडवही, प्रमाणकें, मोजमापपुस्तक आणि साठावही मागवितो. आणि जेथें मेळ बसत नाहीं तेथें अर्धसमास पत्र लिहून खुलासा मागतो. रस्त्याची खडी मोजमापपुस्तकांत जितकी, तितकीच वाहतुकीच्या पावत्यांत आहे काय, हें त्यानें विचारावयाचें. या खात्यांत गेलेले आमचे विद्यार्थी भेटतात तेव्हां कायद्याच्या कलमांपेक्षां एका साध्या अडचणीविषयीं अधिक बोलतात: परगांवीं तपासणीस गेल्यावर उतरावें कोठें, जेवावें कोठें आणि गाडी कोणाची घ्यावी? ज्यांचे कागद पाहावयाचे तेच मोठ्या अगत्यानें सोय करूं म्हणतात. नाहीं म्हणावें तर उद्दामपणा दिसतो. हो म्हणावें तर दुसऱ्या दिवशीं प्रश्न जड जातो.

वडीलधारे लोक अशा वेळीं ‘चहापाण्यानें काय होतें’ असें म्हणून त्यांची समजूत घालतात. इतिहासाचे अभ्यासक या नात्यानें आम्हांस तसें म्हणवत नाहीं. अंतस्थाची बाब रूढीनें वाढली, आणि रूढ झाली म्हणूनच हिशेबांत बसली. तथापि त्या तरुणाच्या सचोटीवर सगळा भार टाकून मोकळें होणेंहि रास्त नव्हे. दरकदारास मामलेदाराच्या मुठींतून सोडविणारी जी दृष्टि जुन्या कारभारांत होती तीच येथें हवी. त्याचा प्रवासभत्ता वेळेवर व पुरेसा मिळावा, मुक्कामाची सोय त्याच्या खात्यानें करावी, आणि त्याच्या आक्षेपास मुदतींत उत्तर आलें कीं नाहीं हें वरिष्ठांनीं विचारावें. या गोष्टी लहान आहेत, आणि राज्याच्या अंदाजपत्रकांत त्यांचा आंकडा क्षुल्लक भरेल. त्या न केल्यास तोच खर्च रयत निराळ्या नांवानें भरते, हें पेशव्यांच्या मुलखांत एकदां दिसून आलेलें आहे.