अनुदानाची अट : महाडपासून जित्यापर्यंत

केंद्र सरकारकडून स्थानिक संस्थांना मिळणाऱ्या पैशाचा विचार आपल्याकडे बहुधा हिशेबनिसाच्या भाषेत होतो. किती कोटी आले, किती खर्ची पडले, किती परत गेले. दलित समाजाच्या दृष्टीने मात्र हा इतिहास आकड्यांपेक्षा अटींचा आहे. वरचा पैसा कोणत्या अटीवर खाली येतो आणि कशासाठी अडवला जातो, हा खरा प्रश्न होय. पेण तालुक्यातील जिते ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, महाडला, हा प्रश्न प्रथम धसाला लागला. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. १९८१ पासून रायगड झाला.

इंग्रजी अमदानीत लॉर्ड मेयोच्या सरकारने १८७० साली शिक्षण, रस्ते, पोलीस अशी खाती ठराविक रकमेसह प्रांतांच्या गळ्यात घातली. रक्कम अपुरी होती. उरलेला भार हळूहळू स्थानिक करांवर गेला. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागलाच होता. पुढे रिपनचा १८८२ चा ठराव आणि १८८४ चा कायदा यांनी लोकल बोर्डे उभी राहिली. या साऱ्या व्यवहाराची चिरफाड बाबासाहेबांनी आपल्या कोलंबियाच्या प्रबंधात केली. तो १९२५ साली लंडनहून ग्रंथरूपाने निघाला. मध्यवर्ती सरकारने प्रांतांना खर्चाचे अधिकार दिले ते स्वायत्ततेच्या प्रेमापोटी नव्हे, तर स्वतःच्या तिजोरीतील तुटीपोटी, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगायला उभा राहिलेला हा पुरुष सार्वजनिक पैशाच्या वाटा इतक्या बारकाईने जाणत होता, ही गोष्ट आपल्या व्याख्यानांतून फारशी येत नाही.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली व राखलेली, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय. यातला धर्माचा भाग वगळून पाहा. ठरावाचा आधार शास्त्रार्थ नाही, पैसा आहे. पैसा सर्वांचा, म्हणून पाणी सर्वांचे. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. तेव्हा १९२६ साली बोल्यांनी पुढचे पाऊल टाकले : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हा ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे.

ही अट दात असलेली होती; परंतु कौन्सिलाचा ठराव शिफारशीपुरताच. या ठरावाला जेमतेम वर्ष होते न होते तोच, २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर, महाड नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला १९२४ चा ठरावच रद्द केला. तळे सार्वजनिक नाहीच, अशी फिर्याद घेऊन सवर्ण मंडळी कोर्टात गेली, आणि १९३७ मध्ये हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने देईपर्यंत दहा वर्षे निघून गेली.

संविधानाने २८० व्या कलमान्वये वित्त आयोग निर्माण केला, पण तो केंद्र आणि राज्ये यांच्यातल्या वाटणीसाठी. खेड्याची पंचायत त्या हिशेबात नव्हती. ती आली ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ साली. दहाव्या आयोगाने ग्रामीण लोकसंख्येच्या दरडोई १०० रुपये दिले, तेही १९७१ च्या जनगणनेप्रमाणे. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० साठी दोन लाख कोटींहून अधिक रक्कम ठरवली आणि ती सरळ ग्रामपंचायतींसाठी राखली. पंधराव्याने २०२१ ते २०२६ साठी २,३६,८०५ कोटी ठरवले, आणि त्यातले साठ टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधून टाकले.

आता जिते-हमरापूर पट्ट्यातील पंचायतीच्या बाजूने पाहू. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करावेत असा दंडक आहे. स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी. ते तुटपुंजे असेल तर त्याचे पंधरा टक्के किती होणार? मोठा पैसा दिल्लीचा. त्यासाठी लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाच्या सूचना निघतात. सूचना आणि अट यांत फरक आहे. हिशेब तपासून संगणकावर चढवणे ही अट आहे. लोकनियुक्त सभागृह असणे ही अट आहे, आणि ती पोकळ नाही : २०२२ नंतर निवडणुका रखडून राज्यातल्या जिल्हा परिषदा प्रशासकाच्या हाती गेल्या, तेव्हा त्यांच्या वाट्याचा निधी अडला. म्हणजे अडवायचे ठरवले की सरकारला पैसा अडवता येतो. नळ गावठाणात थांबला की बौद्धवाडीपर्यंत, कातकऱ्यांच्या वाडीपर्यंत गेला, यावर पुढचा हप्ता अवलंबून ठेवणारी, बोल्यांनी १९२६ साली मागितली होती तशी अट, पंधराव्या आयोगाच्या अटींत नव्हती.