मुंबईचीं जहाजें आणि उत्तरेचा किनारा

हडसन बे कंपनीचा नोकर सॅम्युएल हर्न १७७१ सालीं आर्क्टिक समुद्रापर्यंत पायीं पोहोंचला, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असतें. परंतु केसाळ कातड्यांच्या त्याच व्यापारासाठीं आमच्या मुंबईहूनही जहाजें गेलीं होतीं, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

१७८५ च्या डिसेंबरांत ‘कॅप्टन कुक’ व ‘एक्स्पेरिमेंट’ हीं दोन जहाजें मुंबई सोडून निघालीं. मोहिमेचा पुरस्कर्ता मुंबईचा व्यापारी डेव्हिड स्कॉट; नेता मद्रासेकडील कंपनीचा नोकर जेम्स स्ट्रेंज. समुद्रांतील पाणमांजरांचीं कातडीं अमेरिकेंत घ्यावयाचीं आणि चीनमध्यें विकावयाचीं, असा बेत होता. १७८६ च्या जूनमध्यें जहाजें नूट्का येथें पोहोंचलीं. पुढें अलास्काच्या किनाऱ्यापर्यंत गेलीं. कातडीं थोडीं मिळालीं, व्यापार बुडाला. नकाशावर मात्र व्हँकुव्हर बेटाच्या वायव्य टोंकास ‘केप स्कॉट’ हें नांव मिळालें, तें आजही आहे.

त्या भूमीस तेथील लोकांचीं स्वतःचीं नांवें नव्हतीं काय? होतीं. परंतु देवी आदि रोगांनीं पुढें ती मूळ वस्ती फार घटली. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यांतही १७५५ सालीं बाणकोटचा हिंमतगड घेऊन इंग्रजांनीं त्याचें ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ केलें; तरी लोक बाणकोटच म्हणत राहिले. नकाशा कोणीही काढो, नांव टिकतें तें तेथें राहणाऱ्यांच्या तोंडीं. म्हणून व्यापाऱ्यांच्या शोधांची थोरवी वाचतांना आम्हीं एवढेंच विचारावें, कीं त्या किनाऱ्यावर माणसें किती उरलीं?