मुलांना पोहायला शिकवताना काय काळजी घ्यावी?

गिरडसारख्या गावांत मुले बहुधा विहिरीत किंवा तलावात, पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. डबा सुटला की खोल पाण्यात आधार उरत नाही. म्हणून सुरुवात मुलाच्या कमरेएवढ्या पाण्यातच करा.

जागतिक आरोग्य संघटना ६ वर्षांपुढील मुलांना पोहण्याचे प्राथमिक कौशल्य शिकवण्याचा सल्ला देते. आधी पाण्यात तोंड बुडवून श्वास सोडणे, मग उताणे तरंगणे, त्यानंतर हातपाय मारणे शिकवा. शिकवणारा हाताच्या अंतरावर असावा. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कधीच शिकवू नका; त्याच्या निसरड्या काठावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते.

बुडणारा माणूस बहुधा ओरडू शकत नाही. उडी न मारता त्याच्याकडे दोर किंवा काठी टाका. बाहेर काढल्यावर श्वास चालत नसेल तर पोट दाबू नका, उलटे धरू नका. तोंडाने २ श्वास द्या, मग छाती ३० वेळा दाबा. हेच चालू ठेवा. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. रुग्ण शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या, कारण श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.