जबाबदारी वाटली, अधिकार कोणाकडे?

जून २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने या गावांच्या नियोजनाचे अधिकार पीएमआरडीएकडे दिले. म्हणजे बांधकामाची परवानगी एकाकडे, पाणी आणि ड्रेनेजची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी तेव्हा विभागणी झाली. धरणातले पाणी तर राज्याच्या जलसंपदा खात्याच्या हाती. मग टँकरची वाट पाहणाऱ्या बाईने जाब विचारायचा कोणाला?

हा प्रश्न जुना आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. तरीही व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पालिकेचा पैसा उधळायला त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची भूमिका होती.

आता महाड पाहा. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने बोले ठराव केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. पण तळ्यावर जायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. वरच्या सभागृहाने दिलेला हक्क खालच्या संस्थेने काढून घेतला.

म्हणूनच १९४८ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगाथेवर कोरडे ओढले. त्यावरून ते विकेंद्रीकरणाचे शत्रू होते, असे काही जण सांगतात. हे अर्धसत्य आहे. १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले होते. सत्ता खाली द्यायची तर आमच्या हक्काच्या हमीसह द्या, हा त्यांचा मुद्दा होता.

ही हमी ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये शहरांना मिळाली. कलम २४३ टी ने अनुसूचित जातींना राखीव जागा दिल्या. कलम २४३ झेडई ने महानगर नियोजन समिती सांगितली, तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडायचे. प्रत्यक्षात २०१५ मध्ये आलेल्या पीएमआरडीएचे अध्यक्ष मुख्यमंत्री. जकात २०१३ मध्ये गेली, नंतरचा एलबीटीही गेला, पालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची अनेक वर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. सभागृहच नव्हते, तर राखीव जागेचा अर्थ काय उरला होता?

महाडला खालच्या संस्थेने दगा दिला. पुण्यात वरच्यांनी खालच्या संस्थेचे हातपाय बांधले. दोन्ही वेळा तहानलेली राहिली ती आपली वस्ती. म्हणून केंद्र मोठे की राज्य, या वादात अडकू नका. आपल्या वस्तीच्या प्रत्येक कामाबद्दल तीन प्रश्न लेखी विचारा: जबाबदारी कोणाची, पैसा कोणाकडे, आणि निर्णयाच्या बैठकीत आपले कोण? उत्तर मिळेपर्यंत माहिती अधिकाराचा अर्ज करत राहा.

जय भीम!