अमेरिकेतील तरुणांचा चर्चपासून दुरावा

अमेरिकेतील तरुणांचा चर्चपासून दुरावा ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून ठळकपणे दिसू लागलेली सामाजिक प्रक्रिया होय. ख्रिस्ती कुटुंबांत वाढलेले अनेक तरुण प्रौढ वयात नियमित उपासना व चर्चचे सदस्यत्व सोडतात. त्यांपैकी काही जण पुढे स्वतःस ख्रिस्ती म्हणवणेही थांबवतात. ही प्रक्रिया म्हणजे नास्तिकतेचा प्रसार नव्हे. कोणताही धर्म न सांगणाऱ्या अमेरिकनांपैकी बहुसंख्य लोक ईश्वरावर किंवा एखाद्या उच्च शक्तीवर विश्वास ठेवतात, असे प्यू रिसर्च सेंटर या संस्थेच्या २०२३ मधील पाहणीत आढळले. श्रद्धेपेक्षा संस्थेशी असलेले नाते येथे अधिक सैल झालेले दिसते.

आकडेवारी

१९७२ मध्ये सुमारे ५ टक्के अमेरिकन प्रौढ आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगत. १९९० नंतर हे प्रमाण वेगाने वाढले. प्यूच्या पाहण्यांनुसार २००७ मध्ये ७८ टक्के प्रौढ ख्रिस्ती होते. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले आणि धर्माशी संलग्न नसलेल्यांचे प्रमाण १६ वरून २९ टक्क्यांवर गेले. पिढ्यांमधील अंतर याहून मोठे आहे. सर्वांत वृद्ध वयोगटात ८० टक्के लोक ख्रिस्ती असून १८ ते २४ या वयोगटात हे प्रमाण ४६ टक्के आहे. गॅलप संस्थेच्या नोंदींनुसार १९३७ मध्ये ७३ टक्के अमेरिकन चर्च वा अन्य प्रार्थनास्थळाचे सदस्य होते. १९९९ मध्येही हे प्रमाण ७० टक्के होते. २०२० मध्ये ते ४७ टक्के, म्हणजे प्रथमच निम्म्याहून कमी झाले.

कारणे

*जीवनक्रमातील बदल.* शिक्षणासाठी वा नोकरीसाठी घर सोडल्यावर चर्चला जाण्याची सवय मोडते. शालेय वयात किमान एक वर्ष नियमित चर्चला जाणाऱ्या प्रोटेस्टंट तरुणांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी १८ ते २२ या वयात निदान वर्षभर तरी जाणे सोडले होते, असे लाइफवे रिसर्चने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दिसले. असा खंड पूर्वीही पडत असे. परंतु विवाह व अपत्यजन्मानंतर, विशेषतः मुलांच्या बाप्तिस्म्याच्या आणि रविवारच्या शाळेच्या निमित्ताने, अनेक जण परतत. १९७० मध्ये प्रथम विवाहाचे मध्यक वय पुरुषांसाठी २३.२ व स्त्रियांसाठी २०.८ वर्षे होते. २०२३ मध्ये ते अनुक्रमे ३०.२ व २८.४ झाले. खंड जितका लांबतो, तितके परतणे अवघड होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००७ मधील आपल्या ग्रंथात लांबलेल्या विवाहास विशेष महत्त्व दिले आहे.

*कौटुंबिक वारसा.* किशोरवयीनांच्या धर्मजीवनाचा दीर्घकाळ अभ्यास करणारे ख्रिश्चन स्मिथ यांच्या मते मुलांच्या धार्मिकतेवर सर्वाधिक प्रभाव आईवडिलांचा असतो. त्यामुळे एका पिढीत शिथिल झालेले आचरण पुढील पिढीत बहुधा आणखी क्षीण होते. आजच्या तरुणांपैकी अनेकांनी चर्च सोडलेले नाही. त्यांच्या घरी ते मुळातच नव्हते.

*राजकारण.* १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली आणि पुराणमतवादी ख्रिस्ती गट निवडणुकीच्या राजकारणात उघडपणे उतरले. मायकेल हाउट व क्लॉड फिशर यांनी २००२ मध्ये असे मांडले की, धर्माशी आधीच सैल संबंध असलेल्या उदारमतवादी व मध्यममार्गी लोकांनी या राजकारणाचा निषेध म्हणून धार्मिक ओळखच नाकारली. रॉबर्ट पटनम व डेव्हिड कॅम्पबेल यांनी २०१० मध्ये या मताला पुष्टी दिली.

*नैतिक प्रश्न व शंका.* समलिंगी विवाह, स्त्रियांचे चर्चमधील स्थान आणि उत्क्रांतिवाद यांविषयीची अनेक चर्चची भूमिका तरुणांना मान्य नसते. शंका मोकळेपणाने विचारता येत नाहीत, ही तक्रार डेव्हिड किनमन यांनी २०११ मध्ये नोंदवली आहे.

*विश्वासभंग.* ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने २००२ मध्ये कॅथलिक धर्मगुरूंकडून झालेले बालकांचे लैंगिक शोषण व वरिष्ठांनी केलेली त्याची लपवाछपवी उघड केली. जॉन जे महाविद्यालयाच्या २००४ मधील अहवालानुसार १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर असे आरोप झाले होते. २०२२ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाच्या नेतृत्वानेही पीडितांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष केल्याचे स्वतंत्र चौकशीत दिसून आले. नीतीचा उपदेश करणाऱ्या संस्थेनेच पीडितांना वाऱ्यावर सोडल्याची भावना त्यामुळे बळावली.

मतभेद

उदार झालेली चर्च ओस पडतात व कडक शिस्तीची वाढतात, असे डीन केली यांनी १९७२ मध्ये प्रतिपादले होते. परंतु ही वाढ प्रामुख्याने पुराणमतवादी कुटुंबांतील अधिक जन्मदरामुळे झाली, असे २००१ मधील एका अभ्यासात हाउट, अँड्र्यू ग्रीली व मेलिसा वाइल्ड यांनी दाखवले. सदर्न बॅप्टिस्ट पंथाची सदस्यसंख्याही २००६ मधील सुमारे १ कोटी ६३ लाखांवरून २०२३ मध्ये १ कोटी ३० लाखांच्या खाली आली. त्यामुळे केवळ उदारता किंवा केवळ कडवेपणा यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे ठरत नाही.

परिणाम व सद्यःस्थिती

अमेरिकेतील चर्च ही केवळ उपासनेची जागा नसते. गरजूंना अन्नवाटप, व्यसनमुक्ती गटांच्या बैठका, आजारी माणसांची विचारपूस आणि अंत्यविधी यांचा भार स्थानिक मंडळी वाहत आली आहे. शासनाचे तत्कालीन प्रमुख आरोग्य सल्लागार विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकाकीपणाविषयी काढलेल्या निवेदनात धार्मिक समूहांतील घटत्या सहभागाचाही उल्लेख केला आहे. चर्चपासून दुरावलेल्या तरुणांना अशा आधाराची गरज उरत नाही असे नव्हे. त्याची जागा घेणारी तितकी व्यापक व्यवस्था मात्र सर्वत्र उभी राहिलेली नाही.

२०१९ ते २०२४ या काळात ख्रिस्ती लोकसंख्येचे प्रमाण ६० ते ६४ टक्क्यांच्या दरम्यान स्थिरावलेले दिसते. तथापि वृद्ध पिढीची जागा कमी धार्मिक तरुण पिढी घेत असल्याने, तरुण पुढील आयुष्यात चर्चकडे वळले नाहीत तर घसरण पुन्हा सुरू होण्याची शक्यता आहे.