भुसावळ ते साक्री : व्होल्टेजचा प्रश्न कसा उलटला?

१/ खानदेशातील शेतीच्या विजेचा इतिहास हा बहुतांशी कमी दाबाचा, म्हणजे लो व्होल्टेजचा इतिहास आहे. सौरऊर्जेच्या आगमनाने त्याला उलट बाजू फुटली. #थ्रेड

२/ १९६८ साली भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पण दारात वीजकेंद्र असले, तरी शिवारात पुरेसा दाब मिळतोच असे नाही. वीज आधी उच्चदाबाच्या जाळ्यात चढते. मग उपकेंद्र, ११ केव्हीची वाहिनी, रोहित्र असे टप्पे उतरत शेतात पोहोचते. वाट लांब आणि भार मोठा, की दाब घसरतो.

३/ रावेर-यावलच्या केळीबागांना पाण्याचा खंड सोसत नाही. वीज येताच ऑटोस्विच लावलेले सारे पंप एकदम सुरू होत. शेवटच्या डीपीवर दाब कोसळे, मोटर अधिक प्रवाह ओढे आणि वाइंडिंग जळे. भुर्दंड शेतकऱ्याला.

४/ १९५६च्या भारतीय वीज नियमांनी लघुदाबासाठी ६ टक्के चढउताराची मर्यादा घातली होती. उपाय दोन: उपकेंद्रातील रोहित्राचे टॅप बदलून दाब चढवणे आणि पंपाला कपॅसिटर जोडणे. दोन्हींमागचे गृहीतक एकच, वीज उपकेंद्राकडून शिवाराकडेच वाहणार.

५/ २०१३ साली साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प उभा राहिला. तो पारेषण जाळ्याला जोडलेला होता. २०१७च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने मात्र लहान प्रकल्प थेट शेतीच्या वाहिन्यांपाशी आणले. हेतू, शेतकऱ्याला दिवसा वीज.

६/ दुपारी पंप चालू असतील, तर ही वीज तिथेच खपते व दाब सावरतो. पावसानंतर जमिनीत ओल असेल, पंप बंद असतील आणि ऊन कडक असेल, तर वीज उलटी वाहते. प्रकल्प वाहिनीच्या टोकाला असल्यास दाब तिथेच सर्वाधिक चढतो. टॅप खाली आणावा, तर शेजारच्या वाहिनीचे टोक पुन्हा कमी दाबात जाते.

७/ अमेरिकेच्या आयईईई १५४७ मानकाने २००३ साली लहान वीजनिर्मिती संचांना दाबनियंत्रणास मनाई केली होती. २०१८च्या आवृत्तीने तीच क्षमता सक्तीची केली. साक्रीला केएफडब्ल्यू बँकेमार्फत कर्ज देणाऱ्या जर्मनीत लघुदाबावरील इन्व्हर्टरांना ही सक्ती १ जानेवारी २०१२पासून लागू झाली.

८/ इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर शोषून दाब उतरवतो. गावातल्या बारीक तारांत रोध अधिक असल्याने हा उपाय तोकडा पडतो. ११ केव्हीवर तो अधिक प्रभावी ठरतो.

९/ भारताच्या २०१३च्या नियमांत भर होता तो अलग होण्यावर: दाब ११० टक्क्यांवर गेला की प्रकल्पाने २ सेकंदांत जाळ्यापासून तुटायचे. म्हणजे पूर्वी मोटर जळे, आता भर उन्हातली वीज वाया जाऊ शकते. म्हणून प्रकल्प वाहिनीवर कुठे जोडला आणि पंप केव्हा चालतात, हे प्रश्न मेगावॉटच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत.