कल्याणची गोदी, वसईचे सुरुंग, अंबरनाथचा कारखाना : शस्त्रकौशल्याच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचे लेखन प्रामुख्याने मोहिमा, सेनापती आणि तह यांच्या अंगाने झालेले आहे. सुरेंद्रनाथ सेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी लष्करी व्यवस्थेचे विवेचन करताना तोफखाना व आरमार यांतील उणिवांकडे लक्ष वेधले आणि ‘मराठे शस्त्रतंत्रात मागे होते’ हे विधान पुढे आपण वर्गात जवळजवळ सवयीने करू लागलो. ठाणे-कल्याण परिसरातील काही घटना तपासल्या असता हे विधान अपुरे वाटते. उणीव साधनांपेक्षा, ती घडविणारा हात आपल्याजवळ टिकवून ठेवण्यात अधिक होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे १६५९ मध्ये, कल्याण, भिवंडी व पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधली जात असल्याचे वृत्त पोर्तुगीज पत्रव्यवहारात नोंदले गेले. या कामावर रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर, त्याचा मुलगा व त्यांची माणसे होती. ही जहाजे उद्या आपल्याच विरुद्ध उभी राहतील, हे वसईच्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. त्यांनी निरोप धाडून या मंडळींना वळविले आणि ती काम टाकून निघून गेली. गोदी राहिली, लाकूड राहिले, जाणकार मात्र गेले. आरमार त्यानंतरही उभे राहिले, ते कोकणातील स्थानिक कारागिरांच्या व दर्यावर्दींच्या बळावर. पाठ्यपुस्तकांत या कारागिरांना अर्धे वाक्यही मिळत नाही.

वसईचा वेढा (१७३९) या दृष्टीने अधिक बोलका आहे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेली वसई आज पालघर जिल्ह्यात आहे. तिचा कोट युरोपीय पद्धतीच्या बुरुजांचा होता व अशा तटाला खिंडार पाडण्यास केवळ तोफा पुरेशा ठरत नव्हत्या. चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंगांचा आश्रय घेतला. (‘सुरुंग’ हा संस्कृत ‘सुरुङ्गा’ शब्द मुळात ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, म्हणजे उसनवारी शब्दापासूनच सुरू होते!) शत्रूच्या माऱ्याखाली तटाच्या पायापर्यंत भुयार खणावयाचे, तेथे दारू ठासावयाची, स्फोटाचा जोर मागे न येता वर जावा म्हणून भुयाराचे तोंड घट्ट बुजवावयाचे आणि वात अशा बेताने लावावयाची की आपले लोक बाहेर पडावेत व हल्ल्याची वेळही साधावी. यातील प्रत्येक टप्पा अनुभवाचा आहे. मे महिन्यात सेबास्तियन बुरुजाखालील सुरुंग उडाले, खिंडार पडले व मराठे आत घुसू लागले. तोच मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा उडून त्यांचेच शेकडो लोक प्राणास मुकले. तरीही हल्ला थांबला नाही आणि पोर्तुगीजांना शरण यावे लागले. या विजयाचे वर्णन आपण शौर्याचा प्रसंग म्हणून करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु वातीच्या त्या एका चुकीची किंमत मोजली असता कुशल सुरुंगकाराचे मोल सरदाराहून कमी मानता येत नाही.

ठाण्याच्या किल्ल्याचा वेढा थोडक्यात सांगता येईल. पोर्तुगीजांनी बांधावयास घेतलेला हा अपुरा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी २० तारखेस तोफांचा मारा सुरू केला. २७ तारखेस खंदक भरण्याचा त्यांचा प्रयत्न मोठ्या हानीसह फसला, पण दुसऱ्याच दिवशी किल्ला पडला. वसईला तीन महिने लागले होते. इंग्रजांचा कमोडोर वॉटसन या वेढ्यात मरण पावला. जवळच आदळलेल्या तोफगोळ्याने उडविलेली वाळूच त्याच्या अंगात घुसली होती. पुढे याच किल्ल्याचा तुरुंग झाला.

कंपनी व ब्रिटिश राजवटीत शस्त्रनिर्मितीची सूत्रे सरकारी कारखान्यांकडे गेली. कोसीपूर येथे १८०१ मध्ये तोफगाड्यांचे काम सुरू झाले आणि १८६९ मध्ये खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. येथे भारतीय हात होते. आराखडा व निर्णय परक्यांचा होता. स्वातंत्र्यानंतर कल्याणच्या शेजारी अंबरनाथला आयुधनिर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे दोन कारखाने आले. दुसऱ्याचे नाव विशेष लक्षात घेण्यासारखे आहे : शस्त्र बनविणारे यंत्रही आपणच घडवावयाचे, असा संकल्प त्यात आहे. व्हियेगश निघून गेल्यावर कल्याणच्या गोदीत जे राहिले नव्हते, नेमके तेच येथे जमविण्याचा हा प्रयत्न होता.

अंबरनाथहून लोकलने आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे आजोबा या कारखान्यांत खराद यंत्रावर होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या सात कंपन्या झाल्या. अंबरनाथची आयुधनिर्माणी नागपूरस्थित ‘यंत्र इंडिया’कडे व दुसरा कारखाना ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे गेला. कामगार संघटनांचा या बदलास विरोध होता. कर्मचाऱ्यांना प्रथम दोन वर्षांसाठी नव्या कंपन्यांत मानीव प्रतिनियुक्तीवर ठेवण्यात आले आणि ही मुदत पुढे वाढविली गेली. जुन्या खरादकाराच्या हातचे काम नव्या भरतीतील मुलाच्या हाती कसे जाईल, हे मात्र प्रतिनियुक्तीच्या आदेशात लिहिलेले नसते.